समुद्राचे कायदेशीर हक्क

निसर्गाचे हक्क म्हणजे नदी, जंगल, समुद्र यांना कुणाची मालमत्ता न धरता कायद्यापुढे स्वतःचे हक्क असलेली व्यक्ती मानायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण देवस्थानची जमीन देवाच्या नावावर असतेच, कंपनीसुद्धा कोर्टात केस टाकते, मग नदीनेच काय घोडं मारलंय? इक्वेडोरने २००८ मध्ये हे थेट राज्यघटनेत घातलं. न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला असा दर्जा दिला आणि तिच्या वतीने बोलायला दोन माणसं ठेवली, एक सरकारकडून, एक तिथल्या मूळ रहिवासी माओरींकडून. त्याच वर्षी उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेलाही व्यक्ती ठरवलं पण सुप्रीम कोर्टाने काही महिन्यांतच स्थगिती दिली, कारण राज्य सरकारच विचारत होतं की पूर आला तर भरपाई काय नदीकडून मागायची, आणि नदी अनेक राज्यांतून वाहते तर एकाच राज्याने पालक कसं व्हायचं.

हा प्रश्न खान्देशातल्या माणसाला लगेच कळेल. तापी मुलताईला उगम पावते, जळगाव, धुळे, नंदुरबार करत सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते, म्हणजे तीन राज्यं. तिचा पालक नेमायचाच झाला तर कुठल्या राज्याचा? इथे तिच्या उपनदीतला, गिरणेतला वाळूउपसा थांबवता थांबवता नाकी नऊ येतात.

समुद्राचं तर अजून अवघड, कारण साधारण दोन तृतीयांश महासागर कुठल्याच देशाच्या हद्दीत नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाचे, २०० मैलांपर्यंत मासे-खनिजांवर त्याचा हक्क, अशी वाटणी केली. त्याच्याच कलम १९२ मध्ये सागरी पर्यावरण जपणं हे देशांचं कर्तव्य म्हटलंय. लक्षात घ्या, कर्तव्य देशाचं, हक्क समुद्राचा नाही, सगळी मेख इथेच आहे. देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रासाठीचा २०२३ चा नवा करार जानेवारी २०२६ पासून लागू झाला, भारताने त्यावर २०२४ मध्ये सही केली. त्याच्या प्रस्तावनेत जैवविविधतेचं स्वतःचं मूल्य मान्य केलंय पण समुद्राला व्यक्ती म्हणायला तोही धजावलेला नाही.

खरं पाऊल उचललं स्पेनने, तेही छोट्या जागेसाठी. मार मेनोर नावाच्या समुद्रकाठच्या खाऱ्या सरोवरात आजूबाजूच्या शेतांतलं नायट्रेट उतरून मासे ढिगाने मेले, लोकांनी ६ लाखांवर सह्या गोळा केल्या आणि २०२२ मध्ये सरोवराला कायद्याने हक्क मिळाले, आता कुणीही नागरिक त्याच्या बाजूने कोर्टात जाऊ शकतो. केळी आणि कापसाला गोण्यांनी खत टाकणाऱ्या आपल्या भागाने ही केस नीट वाचावी, कारण १९८२ च्या सागरी कराराचं कलम २०७ जमिनीवरून आणि नद्यांतून येणाऱ्या प्रदूषणाबद्दलच आहे.

हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने मे २०२४ मध्ये तर माणसाने सोडलेले हरितगृह वायूही सागरी प्रदूषणात धरले, म्हणजे भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राचा धूरही त्यात आला. मत सल्ल्याचं आहे, बंधनकारक नाही, तरी पुढच्या खटल्यांमध्ये वकील ते पुढे करणारच.