भाणाची चूल

गोव्यात आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी न्हाणीत बसवलेले तांब्याचे मोठे भांडे म्हणजे भाण. ते चिरे आणि मातीच्या ओट्यात गळ्यापर्यंत रुतवलेले असते. वर उघडे तोंड, खाली चूल. काही घरांत चुलीचे तोंड न्हाणीत, तर काही घरांत मागील दारी बाहेरच्या अंगाला ठेवलेले असते. दुसरी सोय केव्हाही बरी, कारण धूर आणि राख दोन्ही बाहेर राहतात. देशावरच्या बंबाशी भाणाची गल्लत करू नये. बंबात जाळाची नळी पाण्याच्या मधून वर जाते, त्यामुळे धुरातली उष्णताही पाण्याला मिळते. भाणाला आच लागते ती बुडाला आणि फार तर कडांना.

म्हणूनच भाणाचे जळण खूप वाया जाते. एक बादली, म्हणजे 20 लिटर पाणी 27 अंशांवरून 42 अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे 1,250 किलोज्यूल उष्णता लागते. ही सगळी पाण्यात उतरली, तर सुके लाकूड शंभर ग्रॅमही लागणार नाही. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जळते. बाकीची उष्णता ओट्यात मुरते, धुरावाटे जाते किंवा ओले सरपण वाळवण्यात खर्ची पडते. सरपणातला अर्धा लिटर ओलावा उडवायला जवळजवळ तेवढीच, म्हणजे एका बादलीची उष्णता लागते. पावसाळ्याच्या बेगमीत सोडणे (नारळाची सोललेली साले), करवंट्या, पोयी (माडाच्या फुलोऱ्याची वाळकी आवरणे) आणि चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) मे महिन्यातच छपराखाली रचून ठेवतात ती यासाठी.

पेटवण्याचीही रीत आहे. आधी चुडताचा जाळ करायचा, मग करवंट्या, आणि जाळ धरला की सोडणे, तीही एकावर एक न दाबता मधे फट ठेवून. दाबून भरलेले सोडण पेटत नाही, धुमसते. डोळे चुरचुरतात आणि भाणाच्या बुडाला काजळी धरते. काजळी उष्णता अडवते, म्हणून तासाभराचे काम दीड तासावर जाते. जाळाची शेंडी बुडाला टेकली की पुरे. जळण बुडाला भिडेपर्यंत कोंबले तर ज्वाळा थंड तांब्यावर विझतात आणि काजळी आणखी वाढते. पाणी कढत आले की लाकडे मागे ओढून निखारे आत सारायचे आणि चुलीच्या तोंडावर पत्रा लावायचा, म्हणजे थंड वारा आत शिरून ओट्यात मुरलेली ऊब बाहेर नेत नाही. भाणावर झाकण हवेच. उघड्या तोंडातून वाफ जाते, ती जळणाच्या हिशेबात कोणी धरत नाही.

राख दररोज थोडी काढावी, सगळी नव्हे. तळाशी बोटभर थर राहिला तर निखारा टिकतो, ढीग झाला तर वारा कोंडतो. चूल न्हाणीतच असेल तर खिडकी उघडी ठेवणे आवश्यक, कारण धुमसत्या जळणाचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

भाण चुलीवर रिकामे होऊ देऊ नये, ही सूचना घरोघरी ऐकू येते आणि ती रास्त आहे. आत पाणी असेपर्यंत तांबे शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी संपले की डाख दिलेले (वितळवलेल्या कथलाने जोडलेले) सांधे सुटतात, कारण कथील 232 अंशांवरच वितळते आणि शिशाच्या मिश्रणाचा डाख त्याहूनही लवकर. जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी सहसा मृदू असल्याने भाणात क्षारांचे पापुद्रे कमी धरतात; किनाऱ्यालगतच्या खाऱ्या विहिरी याला अपवाद. हिरवट डाग आले तर चिंच किंवा आमसूल आणि मीठ पुरते.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी भाण घासून लख्ख करतात, पाणी भरतात आणि गळ्याला फुलांची माळ घालतात. पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे पाणी त्यातलेच. आता बहुतेक घरांत रोजची आंघोळ गिझरच्या पाण्याने होते. 2 किलोवॅटचा गिझर वर हिशेब केलेली बादली दहा-अकरा मिनिटांत तापवतो. बरीच भाणे तांब्याच्या वजनाने विकली गेली. काही दिवाणखान्यात कुंडी होऊन बसली आहेत, बुडाची काजळी मात्र पॉलिशवाल्यालाही पुरती निघालेली नाही.