रोगच्या हातात गोफण, आणि दगडाच्या आधी पोचणारा आवाज

शनिवारी रात्री कोथरूडला एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो (प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ), डीएम म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा मी. परवा एकाने नवीन रोग बनवला (रोग म्हणजे आजार नाही, लपूनछपून वार करणारं कॅरेक्टर, त्याच्या आईला अजून पटलेलं नाही) आणि त्याला खंजीर नको होता, खंजीर म्हणे सगळेच घेतात, मला गोफण दे. जुन्नरकडे त्याचे मामा ज्वारीवरची पाखरं गोफणीने हाकलतात, ते त्याने लहानपणापासून बघितलंय. "गोफण सायलेंट असते रे, तीस मीटरवरून गार्डला टिपतो, कोणाला कळणार पण नाही." मी म्हटलं थांब, हिशोब करू. त्या हिशोबात पाऊण तास गेला आणि तोवर बाकीच्यांनी भेळ संपवली.

तर धरा दगड ५० ग्रॅमचा, फिरतोय १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, आणि सुटताना वेग सेकंदाला ३० मीटर. त्याला त्या वर्तुळात धरून ठेवायला ४५ न्यूटन जोर लागतो, म्हणजे साडेचार किलो भाजीची पिशवी हाताला लटकावल्यावर बसेल तेवढी ओढ. दोरीचं एक टोक सोडलं की ही ओढ एकदम संपते आणि दगड त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडे सरळ निघून जातो. ऊर्जा साडेबावीस ज्यूल, डोक्यात बसला तर गार्ड आडवा होणारच, त्याबद्दल वाद नाही.

वाद आवाजाचा आहे. हा दगड तीस मीटर जायला १ सेकंद घेतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे गोफणीचा आवाज गार्डच्या कानात ०.०९ सेकंदात हजर. दचकून हालचाल सुरू करायला माणसाला ०.२ सेकंद धरले तरी त्याच्याकडे ०.७ सेकंद उरतात, तेवढ्यात मान खाली घालून होते. आणि गोफणीला आवाज असतोच, फिरवताना घूंघूं आणि सोडताना मोकळ्या टोकाचा फटकारा. चाबकाचं टोक तर ध्वनीच्याही पुढे जातं, तो कडाड आवाज त्याचाच. मामांची निम्मी पाखरं दगडाने नाही, त्या फटकाऱ्यानेच उडत असणार असं माझं मत आहे. स्कॉटलंडला बर्न्सवर्क इथे रोमन सैन्याच्या गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्यात, त्यातल्या काहींना ५ मिलिमीटरचं भोक पाडलेलं आहे, उडताना त्यातून घोंघावणारा आवाज यावा आणि समोरचा घाबरावा म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे गोफण हे लपून मारायचं हत्यार कमी आणि धमकी द्यायचं जास्त.

मग फुंकनळी. आजीच्या चुलीजवळची फुंकणी असते तीच कल्पना, फक्त आत बारीक तीर. माणूस जोर लावून फुंकतो तेव्हा हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या एकदशांश इतका जास्त होतो, साधारण १० किलोपास्कल. १२ मिलिमीटरच्या नळीत तीराच्या मागे हा जोर येतो फक्त १.१ न्यूटन, म्हणजे शे-सव्वाशे ग्रॅमचं वजन! पण तीर २ ग्रॅमचाच आणि नळी सव्वा मीटर लांब, जोर तेवढा वेळ मागून ढकलत राहतो, म्हणून कागदावर सेकंदाला ३५ मीटरच्या आसपास वेग निघतो, खरा कमीच येणार कारण घर्षण आहे आणि हवा कडेने निसटते. ऊर्जा जेमतेम सव्वा ज्यूल. खेळाच्या २०१४च्या नियमांत फुंकनळीचं डॅमेज (एका वाराने होणारी इजा) फक्त १ आहे, त्यावर सगळे हसतात, पण मला ते बरोबरच वाटतं. आणि आवाज म्हणाल तर धनुष्यासारखी तणावातली दोरी नाही, लाकडाचं थरथरणं नाही, फक्त एक फुस्स.

आणि सव्वा ज्यूलने काही होत नाही म्हणूनच दक्षिण अमेरिकेत तीराला क्युरारे नावाचं विष लावत. ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, स्नायू ढिले पडतात, शेवटी श्वास थांबतो. पण पोटातून ते रक्तात जवळपास जातच नाही, त्यामुळे तशी मारलेली शिकार लोक आरामात खातात. आमच्या रोगने लगेच विचारलं, मग गार्डच्या जेवणात टाकलं तर? नाही रे बाबा, तेच तर सांगतोय.

तिखटाची पुडी मात्र मी पास केली. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरवर (मज्जातंतूवरचा संवेदक) बसतं तो मुळात उष्णता ओळखायचा, म्हणून डोळ्यांना खरंच भाजल्यासारखं वाटतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या टीमने तो शोधला, २०२१ चं नोबेल त्यातूनच. पक्ष्यांवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, पोपट मिरच्या खातो तो असा, त्यामुळे पक्षीमानव आराकोक्रा गार्ड असेल तर पुडी फुकट, हा माझा घरचा नियम.

शेवटी, झडतीत न खटकणारं हत्यार म्हणून, त्याला मी बाजीराव रोडच्या केळकर म्युझियममधल्या अडकित्त्यांची आठवण करून दिली. वाघनखं मुठीत लपतात, मान्य, पण झडतीत सापडली की विषय संपला. अडकित्ता सापडला तर कोण काय म्हणेल? खिळीपासून सुपारी ३ सेंटिमीटरवर आणि हात १५ वर असला की जोर पाचपट, वीस किलोचा दाब पात्यापाशी शंभर किलोचा होतो. दोर तुटतो, चामड्याचा पट्टा तुटतो, बोट... असो.

घेतला त्याने अडकित्ता. पुढच्या सेशनला वेशीवर झडती झाली, गार्डचा पर्सेप्शन रोल (लपवलेलं त्याला दिसतं का ते ठरवणारा फासा) १९, सापडला. गार्डने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, सुपारी आहे का?

इन्व्हेंटरीत सुपारी लिहायची राहिली होती.