२० मिमी की २२ मिमी? अँटी-रोल बारचं गणित

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. त्या कलण्याला आवर घालायला बहुतेक मोटारींच्या खाली यू आकारात वाकवलेला एक पोलादी दांडा असतो: अँटी-रोल बार, गॅरेजच्या भाषेत स्टॅबिलायझर बार. मधला भाग रबरी बुशांमध्ये, म्हणजे गोल आवरणांमध्ये, धरलेला असतो आणि दोन्ही हात, म्हणजे वाकवलेल्या बाजू, लिंक नावाच्या छोट्या दांड्यांनी डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडलेले असतात. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं, की मात्र त्याला पीळ बसतो आणि तो विरोध करतो.

हा विरोध किती, ते कागदावर काढता येतं. व्यासाचा चौथा घात घ्या, त्याला पायने (π, ३.१४) गुणून ३२ने भागा. या संख्येला पोलादाच्या शिअर मॉड्युलसने (पोलाद पिळाला किती विरोध करतं ते सांगणारा आकडा), म्हणजे साधारण ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमीने गुणा. मग मधल्या भागाच्या लांबीने आणि हाताच्या लांबीच्या वर्गाने भागा. हाताची लांबी वाकणांवरून टेप फिरवून घ्यायची नाही. मधल्या भागाच्या अक्षापासून लिंकच्या भोकापर्यंतचं लंब अंतर घ्यायचं.

मधला भाग ९०० मिमी आणि हात २२० मिमी धरू. २० मिमी जाडीच्या बारला उत्तर येतं मिलिमीटरला सुमारे २९ न्यूटन, म्हणजे दोन टोकांत १ मिमीचा फरक पडला की एवढं बल. जाडी फक्त २ मिमीने वाढवा, तेच ४२ होतं. व्यास १० टक्क्यांनी वाढला आणि कडकपणा ४६ टक्क्यांनी! म्हणूनच मोजण्याआधी रंगाचा थर खरवडून व्हर्निअर लावावा. २२च्या जागी साडेबावीस वाचलं तरी उत्तर ९ टक्क्यांनी फुगतं.

याच चौथ्या घातामुळे पोकळ बार परवडतो. २२ मिमीच्या बारमध्ये १६ मिमीचं भोक ठेवलं तर वजन निम्म्याहून जास्त घटतं, पण कडकपणा ७२ टक्के शिल्लक राहतो. पीळ पेलण्याचं मुख्य काम बाहेरचं पोलाद करतं.

आता ४२मधून वजाबाकी सुरू होते. हातही थोडे वाकतात. ते सरळ आहेत असं धरून हिशेब केला तर ४२चे ३७ उरतात. रबरी बुश दबतात, त्यात आणखी थोडं जातं.

सगळ्यात मोठी घट मात्र पुढेच आहे, आणि नेमकी तीच अनेक जण विसरतात. लिंक चाकाला नव्हे, बहुधा लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर, कुठेतरी मध्ये जोडलेली असते. चाक १० मिमी हललं आणि लिंक ६ मिमी, तर गुणोत्तर ०.६. त्याचा वर्ग करावा लागतो, कारण बारची हालचालही कमी होते आणि चाकापर्यंत पोचणारं बलही. ३७ गुणिले ०.३६, म्हणजे चाकापाशी जेमतेम १३! दुसऱ्या गाडीत लिंक थेट स्ट्रटवर, म्हणजे चाकाजवळच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबावर, असेल, तर गुणोत्तर १च्या जवळ जातं आणि हाच बार जवळपास तिप्पट काम करतो. म्हणून नुसत्या जाडीवरून दोन गाड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

बारमुळे कल कमी होतो, पण वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा एकूण भार जवळपास तेवढाच राहतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जातो, ते मात्र बदलतं. पुढचा बार कडक केला तर वळणात गाडीचं नाक बाहेर जाऊ लागतं. मागचा फार कडक केला तर मागची चाकं आधी पकड सोडतात, आणि ओल्या रस्त्यावर ते सावरणं कठीण. मागचा बार बदलायचा असेल, तर आधी पुढचा आणि मागचा, दोन्हींचा चाकापाशी येणारा आकडा काढा.