एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर बदलणे

पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी हवापिशव्यांवर तोललेल्या मोटारीतला हवेचा पंप निकामी झाला की त्या जागी दुसऱ्या उत्पादकाचा पंप बसवण्याचे काम. अशा भागाला बाजारात ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात, गॅरेजात नुसते ‘बाहेरचा’. मुंबई-पुणे मार्गावरच्या शिवनेरीसारख्या व्होल्वो बसचाही भार हवापिशव्यांवरच असतो. पण तिथे ब्रेकला हवा पुरवणारा, इंजिनावर चालणारा मोठा कॉम्प्रेसरच हेही काम करतो. मोटारीला हवेचे ब्रेक नसतात, म्हणून तिच्यात १२ व्होल्टचा छोटा विजेचा पंप वेगळा बसवावा लागतो. तो सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो. हवा भरायची आणि थांबायचे, एवढेच त्याचे काम.

२००४ मध्ये आलेली लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ हे याचे नेहमीचे उदाहरण. तिचा मूळ हिताची पंप डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, चासीला लागून, आवाज दाबणाऱ्या डब्यात असतो. म्हणजे नेमका चिखल-पाणी उडते तिथे. टायरात साधारण सव्वादोन बार हवा असते, तर या गाडीच्या साठवण टाकीत १६ बारच्या वर दाब जातो. एवढी हवा दाबताना तिच्यातली वाफ पाणी होऊन नळ्यांत उतरू नये म्हणून पंपाला ड्रायर जोडलेला असतो. त्यात ओल शोषणारे दाणे असतात. गाडी खाली घेताना बाहेर पडणारी कोरडी हवा याच दाण्यांतून उलटी जाते आणि त्यांची ओल घेऊन जाते. पंप गळती भरत बसला की आत येणारी दमट हवा वाढते, उलटी जाणारी कोरडी मात्र वाढत नाही. दाणे भिजतात, त्यांची भुकटी होते आणि ती व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे कोणत्या पिशवीत हवा सोडायची ते सांभाळणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, जाऊन बसते. कोकणातल्या पावसाळी हवेत हे लवकर घडते.

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण इथे उलटी लागू पडते. रोग बहुधा पखालीला, म्हणजे चिरलेल्या हवापिशवीला असतो आणि औषध पंपाला दिले जाते. पिशवी थोडी थोडी गळते, पंप दिवसातून अनेकदा सुरू होतो, पिस्टनची टेफ्लॉन रिंग झिजते, मोटर तापते. संगणक मग ‘सी१ए२०’ कोड दाखवतो: टाकी भरताना दाब फार हळू चढतो आहे. वाचणारा लगेच पंपाकडे बोट दाखवतो. खरे तर आधी पिशव्या आणि नळ्यांच्या जोडांवर साबणाचे पाणी मारून बुडबुडे पाहायला हवेत. पंपाची वीज चालू-बंद करणारा रिलेही तपासावा, त्याचे पॉइंट चिकटले तर पंप थांबतच नाही, आणि जुना रिले तसाच ठेवला तर नव्या पंपाचीही तीच गत होते.

बाहेरचा म्हणजे नकली असे नव्हे. जर्मनीची एएमके आणि मर्सिडीजला पंप पुरवणारी वॅबको स्वतःच्या नावाने माल विकतात. १९८९ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची अरनॉट तर याच धंद्यातली. याच आकाराच्या बिननावाच्या नकलाही मिळतात. त्यांचा ड्रायर कसा निघेल याचा भरवसा नसतो आणि किमतीतला फरक बहुधा तिथेच मुरलेला असतो. फक्त रिंग झिजली असेल, तर दुरुस्तीचा संच घालून जुना पंप वाचवणे अधिक शहाणपणाचे.

डिस्कव्हरी ३ मध्ये हिताचीच्या जागी एएमके बसवताना ब्रॅकेट आणि वायरिंगचा जोड बदलतो, शिवाय पंप चालवणाऱ्या संगणकाचे सॉफ्टवेअरही बदलावे लागते. नाहीतर नव्या पंपाचे वागणे त्याला बिघाड वाटू शकते. काम सुरू करण्याआधी गाडी स्टँडवर घ्यावी. हवेवर उभ्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतते, कारण पिशवी रिकामी झाली की गाडी काही क्षणांत खाली येते. दाब सोडल्यावरच नळी काढावी. पंप टांगून ठेवणारी रबरे कडक झाली असतील तर तीही बदलावीत; नाहीतर गुरगुर थेट केबिनमध्ये येते आणि दोष नव्या पंपावर जातो.

काम झाल्यावर चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहून ठेवतात आणि गाडी रात्रभर बंद ठेवतात. सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर गळती अजून तिथेच आहे.