खान्देशातील रॉक-मेटल कार्यक्रमांचे छायाचित्रण

रॉक, हेवी मेटल, हार्डकोर अशा जड आणि दणदणीत संगीताचे कार्यक्रम रंगात असताना, मंचावर असतील त्या दिव्यांत वादकांची, गायकांची आणि श्रोत्यांची छायाचित्रे काढण्याचा प्रकार. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरता केला आहे. मोठ्या शहरांत या कामाला धंद्याचे रूप आले असून तिथे छायाचित्रकारांसाठी पास, मंचापुढची राखीव पट्टी आणि बँडचे व्यवस्थापक अशी सगळी व्यवस्था असते. केवळ अशा संगीतावर चालणाऱ्या क्लबांची साखळी खान्देशात नाही. कॅमेरा हाती घेणारा बहुधा बँडमधल्या कुणाचा वर्गमित्र असतो, नाहीतर लग्नसराईत राबणारा आणि एरवी कानाला हेडफोन लावून मेटल ऐकणारा एखादा तरुण. पोरे पदवी घेऊन पुण्या-मुंबईला निघून जातात आणि बँड मोडतो. नीट ध्वनिमुद्रण बहुतेकदा झालेलेच नसते. असा बँड होऊन गेला याचा पुरावा म्हणून फोटोच मागे राहतात. म्हणून इथल्या छायाचित्रकाराचे पहिले काम नोंद ठेवण्याचे आहे, आणि कुणाला चौकटीत घ्यायचे, कशाला वगळायचे हे त्यावरूनच ठरते.

जागा व वेळ : अशा संगीताला खान्देशात मंच मिळतो तो प्रामुख्याने महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात. समूहनृत्य आणि फिशपाँड यांच्या मधल्या फटीत बँडला पंधरा-वीस मिनिटे मिळतात. त्यातली पाच तारा जोडण्यात आणि मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, आवाज का येत नाही हे शोधण्यात जातात. याखेरीज गणेशोत्सवातले मंच, लग्नाची लॉन्स आणि क्वचित नाट्यगृहे असतात. स्नेहसंमेलने हिवाळ्यात होतात आणि तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदिस्त जागा सोडून ध्वनिक्षेपकांना मनाई आहे; वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सण-सांस्कृतिक प्रसंगी, राज्य शासन ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. मावळती आणि दहाचा ठोका यांच्यामध्येच सगळे उरकायचे असल्याने बँडची पाळी कधी संधिप्रकाशात येते, तर कधी पोलिसांची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिल्यावर. संधिप्रकाशातली पाळी छायाचित्रकाराच्या पथ्यावर पडते. आभाळाचा निळा उजेड आणि मंचाचे तांबडे-पिवळे दिवे साधारण समान ताकदीचे असतात तेवढ्या थोड्या वेळात मागची झाडे, पाण्याची टाकी, वसतिगृहाच्या गच्चीवर चढलेली पोरे अशी सगळी जागा फोटोत येते. नंतर मंचाबाहेर काळोख होतो आणि तो कार्यक्रम कुठल्याही गावातला वाटू लागतो.

पूर्वपीठिका : खान्देशाला छायाचित्रणाचा मोठा वारसा आहे, पण तो अगदी उलट स्वभावाचा. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात जवळजवळ स्वतःला कोंडून घेऊन टेबलटॉप छायाचित्रण केले. छोट्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा आणि पाहणाऱ्याला खरा निसर्ग वाटेल असे दृश्य उभे करायचे, ही त्यांची रीत. त्यात प्रत्येक छाया त्यांच्या आज्ञेत होती. मेटलच्या मंचापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या आज्ञेत काहीच नसते. तरीही मूस यांचे काम जवळून पाहण्याचा उपयोग या क्षेत्रातल्या नवख्याला इतर कशाहीपेक्षा जास्त होतो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. उजेड कोणत्या बाजूने आला की चेहरा उभा राहतो, एवढे एकदा डोळ्यात मुरले की दिवा त्या बाजूला येईपर्यंत थांबायचे भान येते. चाळीसगावचे त्यांचे घर आज संग्रहालयाच्या रूपात पाहता येते.

दुसरी शाळा लग्नाच्या वरातीची. खान्देशी वरातीत गाडीवर रचलेले स्पीकर, ऑक्टोपॅड, कॅसिओ, अहिराणी गाणी आणि समोर धुळीत नाचणारी भावकी असते. एका हाताने गर्दी सारत, दुसऱ्या हाताने कॅमेरा उंच धरून, उलट पावली चालत फोटो काढायची सवय तिथे लागते. ती सवय असलेला माणूस मॉश पिटमध्ये, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, बिचकत नाही. त्याला बदलावी लागते ती एकच गोष्ट : वरातीत फ्लॅश सर्रास मारतात, मंचावरच्या वादकाच्या डोळ्यांवर तो मारायचा नसतो. मोठ्या कार्यक्रमांत तर ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ हा जगभर रूढ नियम आहे.

प्रकाश : या कामातली खरी झुंज उजेडाशी आहे. डेकोरेटरने आणलेले एलईडी पार लाइट (रंगीत उजेडाचे डबे), दोन-चार शार्पी (अरुंद झोताचे फिरते दिवे), मागे एलईडी वॉल आणि धुराचे यंत्र, एवढी सामग्री सर्वसाधारणपणे असते. ती मांडलेली असते नृत्यासाठी, म्हणजे रंग भरपूर आणि चेहऱ्यावर पांढरा उजेड जवळपास शून्य. निव्वळ निळ्या किंवा निव्वळ लाल उजेडात काढलेला चेहरा मेणाच्या गोळ्यासारखा सपाट येतो. त्याचे कारण कॅमेऱ्याच्या संवेदकात आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकाच्या चार बिंदूंपैकी दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळ्या उजेडासाठी असतो. मंचावर फक्त निळा दिवा असला की चारांतला एकच बिंदू खऱ्या अर्थाने काम करतो. म्हणून बारकावे कमी येतात आणि दाणे जास्त दिसतात. त्यातच मोजणी करणाऱ्या मीटरला दृश्य अंधारे वाटते, तो उजेड वाढवायला सांगतो आणि तो एकुलता रंग काठोकाठ भरून वाहून जातो. एकदा वाहून गेलेला तपशील संगणकावर परत आणता येत नाही. उपाय असा की तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहावा, मोजणीपेक्षा थोडा कमी उजेड घ्यावा, फोटो रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपातच ठेवावा, आणि रंग अगदीच हाताबाहेर गेला तर फोटो कृष्णधवल करावा. लाल दिव्यात काढलेला फोटो कृष्णधवल करताना एकट्या लाल रंगातला तपशील वापरला तर चेहरा बराचसा वाचतो.

स्वस्त दिव्यांचा दुसरा दोष लुकलुकीचा. एलईडी मंद करण्यासाठी तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू केला जातो. डोळ्याला ते कळत नाही, पण जलद शटरला कळते आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मिररलेस कॅमेऱ्याचे आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटर इथे सर्वात जास्त दगा देते. यांत्रिक शटर वापरावे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबलाइटची लुकलुक सेकंदाला १०० वेळा होते आणि १/१०० किंवा १/५० शटरला ती नाहीशी होते. एलईडीचे असे ठरीव गणित नसते, म्हणून बँड तारा जोडत असताना चार-सहा फोटो काढून कोणत्या वेगाला पट्टे येत नाहीत ते पाहून ठेवावे. शार्पी मंचाच्या वरून प्रेक्षकांकडे वळते तेव्हा धुरात दिसणारे तिचे खांब फार सुंदर येतात. लेझर मात्र थेट भिंगात शिरला तर संवेदक कायमचा जळू शकतो.

या सगळ्यापेक्षा गुणकारी असा एक उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. कार्यक्रमाआधी दिवेवाल्याला गाठून, चहा पाजून, ‘भाऊ, पुढचा एक वॉर्म चालू राहू दे’ एवढे सांगावे. गायकाच्या चेहऱ्यावर एका बाजूने पडणारा पिवळसर उजेड अख्ख्या संध्याकाळचे फोटो तारून नेतो.

साधने : भिंग कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे झूम भिंग पुढे ओढले की एफ/५.६ वर येते; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. ५० मिमी एफ/१.८ हे स्वस्तातले भिंग त्याच्या सुमारे दहापट उजेड आत घेते. सुरुवातीला आयएसओ (संवेदकाची उजेडाला असलेली संवेदनक्षमता) ३२००, एफ/२ आणि शटर १/२५० ठेवून पुढे गरजेनुसार बदलत जावे. दाणे आले तरी बिघडत नाही. फिल्मच्या रोलच्या काळातही अशा मंचांवर जलद फिल्म आणखी ताणून वापरत, आणि त्या भरड दाण्यांतूनच या संगीताची दृश्यभाषा तयार झाली.

क्षण : मेटलचा वादक स्थिर उभा राहत नाही आणि त्याचे केस तोंडावर असतात. डोके वर-खाली झटकताना एक निमिष असे येते की मान वर पोचून थांबते आणि केस हवेत असतात. शटर तेव्हा दाबायचे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा प्रसंग ठोक्यामागे एकदा, म्हणजे अर्ध्या सेकंदाला येऊ शकतो. डोळ्याला दिसल्यावर बोट दाबले तर उशीर होतो, त्यामुळे गाणे माहीत असावे लागते आणि लय अंगात मोजावी लागते. गुरगुरून गाणारा गायक माइक दोन्ही पंजांत झाकून धरतो आणि अर्धे तोंड दडते. त्याचा फोटो ओळ संपल्यावर, श्वास घेताना मिळतो. सर्वात जास्त उपेक्षा होते ती ड्रमरची. तो झांजांच्या मागे, दिव्यांच्या पाठीशी, अंधारात बसलेला असतो. छोट्या मंचावर बाजूच्या पायऱ्यांवरून त्याच्यापर्यंत जाता येते आणि तसे जायलाच हवे. बँडच्या प्रत्येक माणसाचा निदान एक फोटो मिळाल्याशिवाय खाली उतरू नये.

गर्दीचे फोटो इथे मंचाइतकेच मोलाचे आहेत. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात १९८०च्या दशकात चार्ल्स पीटरसन हे छायाचित्रकार आपल्याच ओळखीच्या बँडचे छोट्या जागांतले कार्यक्रम टिपत होते. फ्लॅश आणि मंद शटर एकत्र वापरून ते घामाने निथळणारा घोळका आणि वादक एकाच चौकटीत आणत. फ्लॅशने देह गोठतो आणि मंद शटरमुळे दिव्यांच्या रेघा त्याच्याभोवती ओढल्या जातात. पुढे त्या शहराचे संगीत जगभर गेले तेव्हा ते कसे दिसत होते हे जगाला कळले ते मोठ्या प्रमाणात या फोटोंवरून. फोटोच्या तांत्रिक शुद्धतेचा आग्रह कुठे सोडावा यासाठी पेनी स्मिथ यांचे उदाहरण आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सायमनन आपली बेस गिटार मंचावर आपटत असताना त्यांनी काढलेला फोटो किंचित धूसर आहे. तो बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर जाऊ नये असे खुद्द त्यांनाच वाटत होते. बँडने तोच घेतला. भारतात मुंबईच्या रंगभवनात १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव आणि १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूत झालेला आयर्न मेडनचा कार्यक्रम हे या संगीताच्या वाटचालीतले टप्पे मानले जातात. खान्देशातून अशा कार्यक्रमांना जायचे म्हणजे मोठा रेल्वेप्रवास करायचा. घराजवळचा पंधरा मिनिटांचा मंच म्हणूनच इथल्या पोरांना एवढा प्रिय असतो.

जवळचे नाद : नंदुरबारच्या सातपुड्यात या छायाचित्रणाची सर्वात कठीण परीक्षा घेणारी जागा आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर मोठमोठे ढोल घुमतात, नवस घेतलेले बुध्या-बावा अंग रंगवून, घुंगरू बांधून नाचतात आणि होळी पहाटे पेटते. अंधार, धूळ, हलते देह आणि छातीवर आदळणारा ठोका या सगळ्या अडचणी मेटलच्याच आहेत. पण नाचणारा तिथे व्रतस्थ असतो. त्याच्या तोंडावर फ्लॅश मारणे आणि फेऱ्यात घुसणे हा सरळ अपमान आहे. विचारून, बाजूला राहून, ज्वाळांच्या उजेडात जेवढे मिळेल तेवढे घ्यावे.

ऊन आणि कान : बहुतेक कॅमेरे निर्मात्यांच्या मते ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालवायचे असतात, जळगाव-भुसावळचा मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो. बंद गाडीत पिशवी ठेवू नये आणि धुळीत भिंग बदलू नये. ८५ डेसिबलला आठ तास हे कानांसाठी सुरक्षित मानले, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत १०० डेसिबलला १५ मिनिटे उरतात. स्पीकरच्या भिंतीपुढे वाकून फोटो काढणाऱ्याने कानात बोळे घातलेच पाहिजेत.

संमती, जतन व हक्क : कार्यक्रम संपला की ‘भाऊ, मना बी एक काढ ना’ म्हणत पोरांचा गराडा पडतो. ते फोटो कंटाळा न करता काढावेत. मंचापुढे केस मोकळे सोडून नाचणाऱ्या मुलीचा फोटो मात्र तिला दाखवून, तिने हो म्हटल्यावरच बाहेर जावा. गाव लहान असते, फोटो रात्रीतून घरी पोचतो आणि पुढच्या वर्षी तिला गॅदरिंगला जाऊ द्यायचे की नाही हे त्यावर ठरू शकते.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडले की आकार घटतो आणि तारीख-वेळेची अंतर्गत माहिती पुसली जाते. वर्षभराने हातात राहतो तो नाव-गाव नसलेला लाल ठिपका. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्याच रात्री त्यांना गाव, जागा, तारीख, बँडचे नाव, प्रत्येकाचे नाव व वाद्य, साउंडवाल्याचे नावसुद्धा, जोडून टाकावे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो. पण कुणी मोबदला देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. बँडने खर्चापुरते पैसे दिले तरी हा प्रश्न उभा राहतो. म्हणून दोन ओळींचा का होईना, लेखी समझोता आधीच करून ठेवावा. प्रकाशित फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.