तीनशेचा आकडा आणि मानेतली नळी

डायलिसिससाठी काकांच्या मानेतल्या शिरेत घातलेली नळी म्हणजे पर्मकॅथ, एक प्रकारचा कॅथेटर. टेक्निशियन ताईंनी तिच्या लाल टोकाला सिरिंज लावून दट्ट्या ओढला. रक्त येईना. "काका, जरा खोका बरं. आता मान डावीकडे." तरी नाहीच. शेवटी त्यांनी मशीनच्या नळ्या, म्हणजे लाइन्स, उलट्या जोडल्या: एरवी निळ्या टोकातून शुद्ध रक्त आत जातं, आज तिथूनच ओढायचं आणि लालमधून परत सोडायचं. पंप ३०० वर गेला. काकांनी पेपर उघडला.

३०० म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त. कॅथेटर बरा चाललाय की नाही, हे ठरवताना सगळ्यांची नजर याच आकड्यावर जाते. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच रेघ होती. २०१९ च्या आवृत्तीत ती पुसली गेली. आता विचारतात ते एवढंच, की वेळ न वाढवता डायलिसिस पुरेसं होतंय का? मला हे जास्त पटतं, कारण तो आकडा थापा मारू शकतो.

पडद्यावरचा प्रवाह मोजलेला नसतो; पंपाच्या फेऱ्यांवरून काढलेला असतो. नळीच्या तोंडाशी गुठळी किंवा फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा) पापुद्रा अडला, की ओढ वाढते, पंपातली लवचीक नळी चपटी होते आणि दर फेरीला रक्त कमी येतं. आकडा मात्र ३००! म्हणून शेजारचा आर्टिरियल प्रेशर, म्हणजे रक्त ओढताना पंपाच्या आधी नळीत असणारा दाबही बघायचा. तो उणे २५० मिमी पाऱ्याच्या पलीकडे गेला, तर ३०० वर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोम टोकाशी, हृदयाच्या उजव्या कर्णिकेपाशी. तिथे ओढणारं आणि सोडणारं अशी दोन्ही छिद्रं जवळजवळच असतात. लाइन्स उलट्या केल्या, की नुकतंच धुतलेलं रक्त पुन्हा ओढलं जाण्याचं प्रमाण वाढतं. ते २० टक्के असेल, तर ३०० पैकी ६० मिलिलिटरची फेरी फुकट. टोकं सममित असलेल्या कॅथेटरमध्ये हा त्रास कमी होतो.

मग खरी परीक्षा युरियाची, म्हणजे डायलिसिसने रक्तातून काढायच्या कचऱ्याची. डायलिसिसआधी १२०, नंतर ४२, म्हणजे ६५ टक्के घट, काठावर पास. पण नंतरचा नमुना पंप जोरात असतानाच लाइनमधून घेतला, तर त्यात तेच धुतलेलं रक्त मिसळतं, युरिया कमी दिसतो आणि निकाल छान येतो. बिघडलेला कॅथेटर आपल्या प्रगतिपुस्तकात स्वतःच खाडाखोड करतो म्हणा ना! त्यासाठी पंप १०० वर आणून साधारण १५ सेकंद थांबायचं, मग नमुना घ्यायचा. घाईच्या शिफ्टमध्ये नेमके हेच १५ सेकंद गळतात.

आता जंतुसंसर्ग. कॅनडातल्या २०११ च्या एका चाचणीत डायलिसिसनंतर नळीत हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरून ठेवण्याऐवजी आठवड्यातून एकदा गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेझ भरलं. कॅथेटर बिघडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून २० वर आलं, रक्तातला संसर्गही १३ वरून ४.५ टक्क्यांवर. दोन्ही एकदम उतरले, यात मोठं नवल नाही. गुठळी आणि फायब्रिनच्या आडोशानेच जंतूंचं बिऱ्हाड थाटलेलं असतं. औषध मात्र महागडं.