पार्श्वभूमी : शेवटी ठेवलेली संस्था

राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत शरीर हप्त्याहप्त्यानं येतं. सहावीत हाडं आणि त्वचा, सातवीत स्नायू आणि पचन, आठवीत श्वसन आणि रक्ताभिसरण. प्रजननसंस्था थेट दहावीत. तोवर वर्गातल्या बहुतेक मुलींना पाळी येऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात, मुलांचे आवाज फुटलेले असतात. ही पुस्तकं तयार करणारी, १९६७ साली स्थापन झालेली बालभारती इथेच, सेनापती बापट रस्त्यावर आहे. पुण्यात विज्ञान शिकवताना हा क्रम मला वर्षानुवर्षं टोचत आला आहे.

याची मुळं जुनी आहेत. पूर्वी पहिलं न्हाण आलं की मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायची, साऱ्या आळीला कळायचं. तिच्या पोटात काय घडतंय हे मात्र तिला कोणी सांगायचं नाही. पुढे मखर गेलं, ‘कावळा शिवला’ राहिलं. १८९१ च्या संमतिवय कायद्यानं मुलीच्या शरीरसंबंधासाठीचं संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, तेव्हा पुण्यात रान पेटलं होतं. टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. भांडण मुख्यतः धर्मात सरकारनं हात घालावा का, यावर होतं.

शरीराबद्दल मराठीत सरळ बोलायची हिंमत केली ती र. धों. कर्व्यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, फर्ग्युसनमध्ये शिकलेले, पेशानं गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या महिन्यापर्यंत, त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघत राहिलं. वाचक पत्रं पाठवत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. दंड झालाच. पण लोकांच्या मनात प्रश्न आहेत आणि शास्त्रात त्यांची उत्तरं आहेत, हे त्या अंकांनी छापील पुराव्यानिशी दाखवून दिलं. मला तरी या विषयाची खरी सुरुवात तिथेच दिसते.

शाळेचं दार उघडलं ते एचआयव्हीच्या भीतीनं. १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आली, १९९४ पासून ‘प्रयास’सारखी संस्था पुण्यात काम करू लागली. २००५ मध्ये केंद्रानं किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये शिक्षकांच्या पुस्तिकेतल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रानं तो कार्यक्रम मागे घेतला. रोगाच्या भीतीतून आलेल्या विषयाचं हे होणारच होतं, असं मला वाटतं. शरीराची ओळख करून देणं हा त्याचा पाया कधी झालाच नाही. पुण्यातल्या ‘तथापि’ या संस्थेनं धरलेला ‘शरीरसाक्षरता’ हा शब्द म्हणूनच मला जवळचा वाटतो. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रजनन आरोग्य पुन्हा आलं, प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका तयार करायचे, असं ठरलं. कागदावर हे चांगलं आहे.

वर्गात काय होतं? मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे ‘पाळीचा तास’ असला की मुलांना ग्राउंडवर पिटाळायचे. मुली माना खाली घालून बसायच्या, बाहेर मुलं खिडकीशी घोटाळायची. दहावीचा तो पाठ तर ‘घरी वाचून या’ एवढ्यावर उरकलेला मी पाहिला आहे.

आता मी सातवीला दोघांनाही एकत्र बसवते. फळ्यावर आधी नावं लिहिते: वृषण, शिश्न, अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, योनी. सगळ्यांनी मोठ्यानं वाचायची, जशी फुप्फुस आणि यकृत वाचतो तशी. पहिल्या वाचनाला खुसखुस होते, तिसऱ्याला ओसरते. मग मूठ आवळायला सांगते. गर्भाशय साधारण एवढं. अंडाशय बदामाएवढं. वर्गात पस्तीस मुठी वर येतात आणि मुलं आपल्याच मुठीकडे बघत राहतात.

शेवटी टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवते, चिठ्ठ्यांसाठी. नाव लिहायचं नाही. गेल्या वर्षी एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘एवढं रक्त गेल्यावर माणूस मरत नाही का? माझ्या ताईला येतं.’ अक्षर मुलाचं होतं. मी सांगितलं, मरत नाही. एका पाळीत साधारण दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटून त्याच्यासोबत बाहेर पडतं आणि पुढच्या महिन्यात नवं तयार होतं. फारच जास्त जात असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. मागच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, ‘म्हणजे ताई आजारी नाहीये.’